ट्रॅकवरच्या गाडीला कोणते ऑइल?

परभणीची हवा कोणत्याही वंगणाची परीक्षा पाहणारी आहे. मे महिन्यात येथील पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, तर डिसेंबर २०१८च्या अखेरीस वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किमान तापमानाची नोंद अवघी २ अंश सेल्सिअस झाली होती. अशा हवेत वर्षानुवर्षे वाहने चालविणाऱ्यांनी एक नियम मनाशी पक्का केला आहे : उन्हाळ्यात घट्ट ऑइल, हिवाळ्यात पातळ. वेगवान गाडी असेल तर तोच नियम आणखी एक पाऊल पुढे नेला जातो. गाडी जितकी जोरात पळवायची, तितके ऑइल घट्ट हवे, असा सल्ला गॅरेजमध्ये सहज मिळतो.

हा नियम चुकीच्या अनुभवातून आलेला नाही. एकाच श्रेणीचे, म्हणजे नुसते ३० किंवा ४० क्रमांकाचे ऑइल मिळत असे, त्या काळात ऋतूप्रमाणे ऑइल बदलणे शहाणपणाचेच होते. परंतु आजची टर्बो पेट्रोल स्पोर्ट्‌स कार घेऊन शर्यतीच्या ट्रॅकवर उतरणाऱ्याला हा नियम महागात पडू शकतो. अशा गाडीचे ऑइल बाहेरच्या उन्हावरून ठरवायचे नसते. ते इंजिनच्या आतील उष्णता, त्यावरील भार आणि उत्पादकाने दिलेली मान्यता यांवरून ठरते. निवड चुकली तर इंजिनचे काम निघते, आणि ट्रॅकवर झालेल्या नुकसानीची भरपाई मिळण्याची शक्यता फारच थोडी असते.

मराठवाड्याची स्पोर्ट्‌स कार

परभणी जिल्ह्यात शर्यतीचा ट्रॅक नाही. मात्र ट्रॅकवर नेता येईल अशी गाडी मराठवाड्यातच तयार झाली आहे. परभणीपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा कंपनीच्या ऑक्टाव्हिया गाडीची जुळणी २००१मध्ये सुरू झाली. तिची आरएस ही जोरकस आवृत्ती २००४मध्ये १.८ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनासह भारतीय बाजारात आली. २०१७मध्ये आलेल्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये दोन लिटरचे, २३० अश्वशक्तीचे इंजिन होते. पुण्याजवळील चाकण येथे तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलोच्या जीटी टीएसआय या आवृत्तीलाही असाच चाहतावर्ग लाभला. या गाड्यांचे उत्पादन थांबले असले, तरी जुन्या गाड्यांच्या बाजारात त्यांना मागणी आहे.

अशा गाड्यांचे मालक वेगाची हौस भागविण्यासाठी चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट गाठतात. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९०पासून वापरात असून त्याची लांबी सुमारे ३.७ किलोमीटर आहे. कोइमतूरचा ट्रॅक २००३मध्ये सुरू झाला, तर बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. परभणीहून चेन्नईला पोहोचण्यासाठी सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. तोच प्रवास करून परत यायचे असल्याने ट्रॅकवर इंजिन सांभाळणे हा हौशी चालकासाठी पहिला प्रश्न ठरतो.

डब्यावरील आकडे काय सांगतात?

ऑइलच्या डब्यावर '५डब्ल्यू-४०' अशी खूण असते. हे वर्गीकरण अमेरिकेतील 'सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनीअर्स' अर्थात एसएई या संस्थेचे आहे. 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक आहे. त्यापूर्वीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत अधिक सहज वाहते. ५डब्ल्यू ऑइलची सुरुवातीची चाचणी उणे ३० अंशांवर, १०डब्ल्यूची उणे २५वर, तर २०डब्ल्यूची उणे १५ अंशांवर घेतली जाते.

परभणीत उणे तापमान कधी नसते, मग या आकड्याचे येथे काय काम, असा प्रश्न साहजिक आहे. पण २ अंशांच्या पहाटेही फरक जाणवतो. शून्याच्या आसपासच्या तापमानाला नेहमीचे २०डब्ल्यू-५० ऑइल हे ५डब्ल्यू-४०च्या ढोबळमानाने तिप्पट दाट असते. सेल्फ मारल्यानंतर टर्बोच्या बेअरिंगपर्यंत आणि वरच्या कॅमशाफ्टपर्यंत ते उशिरा पोहोचते. इंजिनाची बरीचशी झीज अशा सुरुवातीच्या क्षणांतच होते.

दुसरा आकडा इंजिन तापल्यानंतरचा दाटपणा सांगतो. तो १०० अंश सेल्सिअसवर मोजतात आणि त्याचे एकक सेंटिस्टोक हे आहे. २० क्रमांकाच्या ऑइलचा दाटपणा ६.९ ते ९.३, ३०चा ९.३ ते १२.५, ४०चा १२.५ ते १६.३ आणि ५०चा १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक असतो. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ही सारी मोजणी १०० अंशांची आहे, आणि ट्रॅकवर ऑइल १०० अंशांवर थांबत नाही.

ट्रॅकवर नेमके काय घडते?

रस्त्यावर गाडी कितीही वेगात असली तरी पूर्ण ॲक्सिलरेटर फार तर काही सेकंद दाबलेला असतो. बाकीचा वेळ इंजिन विसावलेले असते. त्यामुळे ऑइलचे तापमान साधारणतः ९० ते ११० अंशांदरम्यान राहते. मेमधील ४५ अंशांच्या उन्हातही इंजिनचा थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून हे संतुलन बऱ्याच अंशी राखतात. म्हणूनच केवळ ऊन वाढले एवढ्याने आधुनिक गाडीचे ऑइल बदलण्याची गरज पडत नाही.

ट्रॅकवर मात्र वीस मिनिटांच्या सत्रात इंजिनाला विसावा नसतो. फेऱ्यांचा काटा सतत लाल रेषेजवळ असतो. ऑइलचे तापमान १२० ते १४० अंशांपर्यंत जाणे तेथे नवलाचे नाही. परभणीकरांना याची कल्पना ट्रॅक्टरच्या उदाहरणाने चटकन येईल. काळ्या चिकण जमिनीत खोल नांगरट करणारा ट्रॅक्टर वेगाने धावत नाही, पण त्याचे इंजिन तासन्‌तास भाराखाली असते. ट्रॅकवरील गाडीची अवस्था अशीच असते; फक्त तेथे भाराला प्रचंड वेगाची जोड मिळते.

या उष्णतेचा परिणाम आकड्यांत मांडता येतो. १०० अंशांवर १४ सेंटिस्टोक दाटपणा असलेले ४० क्रमांकाचे ऑइल १३० अंशांवर सुमारे ८ सेंटिस्टोकपर्यंत उतरते. म्हणजे घातले ४०, पण ट्रॅकवर ते १०० अंशांवरील २० क्रमांकाच्या ऑइलइतकेच दाट राहिले. ३० क्रमांकाचे ऑइल याच तापमानाला ६ सेंटिस्टोकच्या थोडे वर असते. कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट यांच्या बेअरिंगमध्ये धातूला धातूपासून दूर ठेवणारा ऑइलचा थर मुळातच काही मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ असतो. तो तुटला की बेअरिंग खरवडले जाते आणि पुढे इंजिन सीझ होते.

डब्याच्या दर्शनी भागावर नसलेला आकडा

बेअरिंगमधील ऑइल केवळ तापत नाही, तर अतिशय वेगाने फिरणाऱ्या पृष्ठभागांमध्ये चिरडलेही जाते. अशा स्थितीत ते किती दाट राहते, हे पाहण्यासाठी १५० अंशांवर वेगळी चाचणी घेतात. तिला 'एचटीएचएस' असे संक्षिप्त नाव आहे. एसएईच्या मानकानुसार २० क्रमांकासाठी हे मूल्य किमान २.६, ३०साठी २.९, ५डब्ल्यू-४०साठी ३.५ आणि ५० क्रमांकासाठी ३.७ असावे लागते.

इंधनाची बचत साधण्यासाठी अलीकडच्या अनेक गाड्यांमध्ये ०डब्ल्यू-२० ऑइल वापरण्याची शिफारस असते. ती ज्या इंजिनांसाठी आहे, त्यांच्यासाठी रस्त्यावर ती योग्यच आहे. ट्रॅकवर जाणाऱ्याने मात्र ३.५ किंवा त्याहून अधिक एचटीएचएस असलेले ऑइल आपल्या इंजिनासाठी मान्य आहे काय, हे आधी पाहावे. हा आकडा डब्याच्या दर्शनी भागावर सहसा नसतो. तो कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात मिळतो.

मग सरळ ५० किंवा ६० का नको?

घट्ट ऑइल म्हणजे मजबूत ऑइल, हा समज येथेच आडवा येतो. ऑइल जितके दाट, तितके ते पंपाला ढकलणे जड. विशिष्ट दाबापलीकडे पंपाची झडप उघडते आणि जास्तीचे ऑइल इंजिनात न जाता मागे वळते. काट्यावर दाब भरपूर दिसतो, पण बेअरिंगमधून वाहणारे ऑइल कमी झालेले असते. बेअरिंगची उष्णता वाहून नेण्याचे कामही ऑइलच करते. त्यामुळे प्रवाह घटला की तापमान वाढते. शिवाय दाट ऑइल घुसळण्यातही शक्ती खर्च होऊन उष्णता निर्माण होते. आधुनिक इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते आणि ती ठरावीक दाटपणा गृहीत धरूनच बनविलेली असते.

आणखी एक मुद्दा पॉलिमरचा आहे. ऑइल थंडीत पातळ आणि उष्णतेत पुरेसे दाट राहावे, यासाठी त्यात लांब साखळीचे पॉलिमर मिसळतात. दोन आकड्यांतील अंतर जितके मोठे, तितके हे पॉलिमर सहसा अधिक. ट्रॅकवर चिरडून त्यांच्या साखळ्या तुटतात आणि काही सत्रांनंतर ४० क्रमांकाचे ऑइल ३० क्रमांकाच्या हद्दीत उतरू शकते.

त्यामुळे आधी मोजावे, मग ठरवावे, हा मार्ग श्रेयस्कर ठरतो. ऑइलचे तापमान दाखविणारा काटा गाडीत नसेल तर तो बसवून घ्यावा. पाण्याच्या तापमानाचा काटा येथे उपयोगी नाही, कारण पाणी ९० अंशांवर स्थिर दिसत असतानाही ऑइल १३० अंश ओलांडू शकते. ढोबळ नियम असा : ट्रॅकवर ऑइल १२० अंशांच्या आत राहत असेल तर उत्पादकाने सांगितलेली श्रेणी पुरेशी आहे. १२० ते १३५ अंश दिसत असतील तर मान्यतेच्या यादीतील ४० क्रमांकाचे दर्जेदार सिंथेटिक ऑइल निवडावे. त्याहून वर सातत्याने जात असेल तर दोष ऑइलचा नसून थंड करण्याच्या व्यवस्थेचा आहे. तेथे ऑइल कूलर बसविणे हा उपाय, ६० क्रमांकाचा डबा नव्हे.

मान्यतेची खूण महत्त्वाची

दाटपणाइतकेच महत्त्व ऑइलमधील रसायनांना आहे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट (एपीआय) पेट्रोल इंजिनांच्या ऑइलला 'एस'पासून सुरू होणाऱ्या श्रेणी देते. २०१०मध्ये एसएन, मे २०२०मध्ये एसपी आणि २०२५मध्ये एसक्यू श्रेणी आली. टर्बो आणि थेट इंधन फवारणी असलेल्या इंजिनांत कमी फेऱ्यांवर जास्त भार पडला, तर ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेट घेऊ शकते. अशा एका धक्क्यानेही पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधील कॅल्शियमयुक्त घटकांचे प्रमाण जास्त असल्यास हा धोका वाढतो, असे आढळल्यानंतर एसपी श्रेणीत त्याविरुद्धची चाचणी समाविष्ट झाली. म्हणूनच घरातील ट्रॅक्टर किंवा मालमोटारीसाठी आणलेले १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल, ते कितीही उत्तम असले तरी, टर्बो पेट्रोल स्पोर्ट्‌स कारमध्ये ओतू नये. ओल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठी असलेले 'जासो एमए' खुणेचे ऑइलही वेगळ्या गरजेसाठी असते.

याखेरीज युरोपीय कंपन्यांच्या स्वतंत्र मान्यता असतात. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या टीएसआय इंजिनांसाठी 'व्हीडब्ल्यू ५०२ ००' किंवा 'व्हीडब्ल्यू ५०४ ००' या खुणा पाहिल्या जातात. या दोन्ही श्रेणींत एचटीएचएस किमान ३.५ असते. 'व्हीडब्ल्यू ५०८ ००' हे मात्र ०डब्ल्यू-२० श्रेणीचे पातळ ऑइल आहे. ज्या इंजिनांच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेख आहे, त्यांच्यासाठीच ते असते. 'मान्यताप्राप्त' आणि 'वापरण्यास योग्य' या दोन शब्दप्रयोगांतही फरक आहे. पहिला शब्द वाहन उत्पादकाच्या चाचणीनंतर वापरता येतो, दुसरा हा ऑइल विक्रेत्याचा स्वतःचा दावा असतो.

एरंडेलापासून सिंथेटिकपर्यंत

शर्यतीच्या वंगणाचा इतिहास मराठवाड्यातील वाचकाला ओळखीचा वाटावा असा आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वेगवान मोटारी आणि विमानांच्या इंजिनांत चक्क एरंडेल वापरले जाई. कॅस्ट्रॉल हे नाव एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच १९०९मध्ये रूढ झाले. धातूला घट्ट चिकटून राहण्याचा एरंडेलाचा गुण अतिउष्णतेत मोलाचा ठरे. पण तापल्यावर त्याचा डिंकासारखा थर जमे आणि इंजिन वारंवार खोलून साफ करावे लागे. काही जुन्या शर्यतीच्या गाड्यांत आणि कार्टिंगच्या टू-स्ट्रोक इंजिनांत एरंडेलयुक्त ऑइल आजही वापरतात. रोजच्या गाडीसाठी ते नाही.

आजच्या सिंथेटिक ऑइलमध्ये पॉलीअल्फाओलेफिन, एस्टर किंवा कच्च्या तेलावर हायड्रोजनची विशेष प्रक्रिया करून मिळविलेले मूळ तेल असते. १९९९मधील अमेरिकेतील एका जाहिरातविषयक वादाच्या निकालानंतर हे तिसरे तेलही 'सिंथेटिक' या नावाने विकले जाऊ लागले. त्यामुळे डब्यावरील 'फुल्ली सिंथेटिक' हे शब्द सर्व ऑइल सारखेच असल्याची ग्वाही देत नाहीत. त्यांच्यापेक्षा मान्यतेची खूण अधिक विश्वासार्ह आहे.

पातळी आणि वळणे

उत्तम ऑइल घालूनही इंजिन जाण्याचे एक कारण म्हणजे वळणे. लांब वळणावर गाडी वेगात असताना चेंबरमधील ऑइल एका बाजूला ढकलले जाते. पंपाची तोटी उघडी पडली की ती ऑइलऐवजी हवा ओढते आणि काही क्षणांसाठी बेअरिंग कोरडी पडतात. म्हणून खास शर्यतीच्या गाड्यांत ऑइल वेगळ्या टाकीत साठविण्याची 'ड्राय सम्प' व्यवस्था असते. साध्या गाडीच्या चेंबरमध्ये आडपडदे बसविता येतात. तेही शक्य नसेल, तर ऑइलची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेला टेकलेली ठेवावी. खुणेच्या वर मात्र भरू नये. जास्तीचे ऑइल क्रँकशाफ्टने घुसळले जाऊन त्याला फेस येतो, आणि फेस भार पेलू शकत नाही.

प्रत्येक सत्रानंतर इंजिन थोडे निवू देऊन, सपाट जागेवर पातळी पाहावी. सत्र संपताना शेवटची फेरी हळू चालवावी. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेऱ्या घेतो आणि त्याच्या बेअरिंगला थंड करण्यात ऑइलचा मोठा वाटा असतो. तापलेले इंजिन एकदम बंद केले तर तेथे अडकलेले ऑइल करपून त्याचा कोळसा होतो.

बदलीची वेळ आणि बनावट डबे

पुस्तिकेतील दहा-पंधरा हजार किलोमीटरची मुदत रस्त्यासाठी असते. ट्रॅकवरील एक-दोन दिवसांनंतर ऑइल आणि फिल्टर बदलणे इष्ट. थेट फवारणीच्या इंजिनांत थोडे पेट्रोल पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरते आणि ते आणखी पातळ होते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसत असेल, तर बदली लांबवू नये. दोन लिटरच्या टीएसआय इंजिनाला साडेपाच लिटरहून थोडे अधिक ऑइल लागते. हा खर्च बेअरिंगच्या खर्चाशी ताडून पाहावा.

येथेच स्वस्त डब्याचा मोह घात करतो. नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत हलके ऑइल भरून विकण्याचे प्रकार सर्वत्र चालतात. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह करावी, झाकणाचे सील, बॅच क्रमांक आणि कोड तपासावा, बदली आपल्या समक्ष करून घ्यावी आणि रिकाम्या डब्याला तेथेच भोक पाडावे. काढलेले काळे ऑइल नालीत किंवा जमिनीवर ओतू नये. ते घातक कचऱ्यात मोडते आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे.

विमा आणि कायदा

ट्रॅकवर उतरण्यापूर्वी विम्याची पॉलिसी वाचणे आवश्यक आहे. भारतातील प्रमाणित मोटार पॉलिसीत आयोजित शर्यती आणि वेगाच्या चाचण्यांसाठी केलेला वापर वगळलेला असतो. वाहन कंपन्यांच्या वॉरंटीतही बहुधा हीच अट असते. मान्यता नसलेले ऑइल वापरल्याचे आढळले, तर रस्त्यावरील बिघाडाचा दावाही अडचणीत येऊ शकतो. म्हणून ऑइलची पावती आणि बदलीची नोंद जपून ठेवावी.

ट्रॅक दूर आहे म्हणून मोकळ्या महामार्गावर हौस भागविणे हा पर्याय नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९नुसार गुन्हा आहे. जालन्याहून समृद्धी महामार्गावर गेलेल्या मोटारीलाही ताशी १२० किलोमीटरचीच मर्यादा आहे, आणि त्या वेगासाठी उत्पादकाने सांगितलेले ऑइल पुरेसे असते.

ऑइल निवडताना क्रम असा ठेवावा : प्रथम पुस्तिकेतील मान्यता, नंतर एचटीएचएसचे मूल्य, त्यानंतर ट्रॅकवर प्रत्यक्ष मोजलेले तापमान आणि सर्वांत शेवटी डब्याचे नाव व किंमत. परभणीचे ऊन या यादीत फार खाली येते. ट्रॅकवरून हजार किलोमीटर मागे यायचे असेल, तर निघण्यापूर्वी डिपस्टिक एकदा पाहून घ्यावी.